ज्यांना ध्वज नव्हता

१८९६ सालच्या एप्रिल महिन्याच्या ६ तारखेस अथेन्स नगरीतील संगमरवरी क्रीडांगणावर ग्रीसचे राजे पहिले जॉर्ज यांनी आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाल्याचे घोषित केले. तो दिवस पास्काच्या रविवारानंतरचा सोमवार होता. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांचा पास्कासण पुष्कळदा वेगवेगळ्या रविवारी येतो. त्या वर्षी तो एकाच दिवशी आला होता. शिवाय ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धाचा स्मरणदिनही तोच. चर्चच्या घंटा, राष्ट्राचा उत्सव आणि खेळांचा आरंभ अशी तिहेरी पर्वणी त्या नगरीने एकदमच साधली. हा तपशील प्रथम वाचनात आला तेव्हा आम्हांला मोठी गंमत वाटली. कारण ज्या प्राचीन सामन्यांचे हे पुनरुज्जीवन, ते सामने चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओडोसिअस या ख्रिस्ती सम्राटाच्या अमदानीत बंद पडले, असेच परंपरेने सांगितले जाते. ख्रिस्ती सम्राटाने लावून घेतलेले दार पंधराशे वर्षांनी पास्काच्या दुसऱ्या दिवशी उघडावे, आणि आंरी दिदों नावाच्या एका डोमिनिकन धर्मगुरूचे ‘अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बळाने’ हे शब्द त्या सामन्यांचे बोधवाक्य व्हावेत, हा इतिहासाचा मिस्कीलपणाच म्हणायचा.

परंतु त्या सोमवारी अथेन्सला काय काय नव्हते हे पाहू लागले म्हणजे अधिकच नवल वाटते. मशाल नव्हती. खेळाडूंची शपथ नव्हती. पाच कड्यांचा ध्वज नव्हता. कबुतरे नव्हती. देशोदेशीचे खेळाडू आपापल्या ध्वजामागून ओळीने चालत आत आले, तेही नाही. होते ते राजाचे उद्घोषवाक्य आणि कोस्तिस पालामास यांनी रचलेले व स्पिरिदोन सामारास यांनी स्वरबद्ध केलेले एक स्तोत्र. तेही पुढे बाजूला पडले. १९५८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यास अधिकृत मान दिला, तेव्हा ते पुन्हा नियमाने कानी पडू लागले. आज उद्घाटन सोहळ्यात आपण जे जे पाहतो आणि ‘हे ग्रीकांपासून चालत आले असावे’ असे समजून माना डोलावतो, त्यातील बहुतेक भाग आपल्या आजोबा-पणजोबांच्या हयातीत जुळवला गेलेला आहे.

आम्ही धर्मग्रामात वाढलेली माणसे. मिरवणूक आमच्या अंगवळणी पडलेली. झावळ्यांचा रविवार असो, ख्रिस्तशरीराचा सण असो की चर्चच्या आश्रयदात्या संताचा, क्रूसामागून मेणबत्त्या धरलेली वेदीसेवक मुले, मग सोडॅलिटीच्या स्त्रिया, मग बॅन्ड आणि अखेरीस छत्राखाली धर्मगुरू, हा क्रम डोळे मिटूनही आम्ही सांगू शकतो. म्हणूनच की काय, ऑलिंपिकच्या उद्घाटनात इतरांना नाच आणि आतषबाजी आवडते, आम्ही मात्र संचलनाची वाट पाहत बसतो. ग्रीसचे पथक सर्वांच्या पुढे, यजमान देश सर्वांच्या मागे, आणि मधले बहुतेक यजमानांच्या भाषेतील वर्णानुक्रमाने. ही रीत १९२८ साली ॲम्स्टरडॅमला सुरू झाली. दोन-दोन तास हे चालते. घरातील बाकीची मंडळी मध्येच उठून आपापल्या कामाला लागतात. आम्ही उठत नाही. शेकडो खेळाडूंचा एखादा बलाढ्य देश निघून जातो आणि त्याच्यामागून नकाशावर ठिपक्याएवढ्या बेटाचे तीन-चार खेळाडू येतात. त्यांनाही तेवढाच रस्ता, तेवढेच क्रीडांगण, ध्वनिक्षेपकावर तेवढ्याच मोठ्याने उच्चारलेले नाव. या एका गोष्टीसाठी आम्ही रात्री जागलो आहोत.

या आमच्या श्रद्धेला घरातूनच धक्का बसला. २०१६ साली रिओ द जानिरोचा सोहळा आपल्याकडे पहाटे दिसणार होता. आदल्या रात्री आमचा भाचा मुक्कामाला आला. महाविद्यालयात इतिहास शिकणारा मुलगा. वाचलेले सारे ताजे. आम्ही गजर लावीत आहोत हे पाहून तो म्हणाला, “मामा, झोपा निवांत. ही सारी मांडणी आहे. अर्धे विधी राजांना खूश करण्यासाठी आणि उरलेले युद्धांची लाज झाकण्यासाठी काढलेले. मशाल तर हिटलरच्या दरबारातून आली. तिच्यासाठी कशाला जागता?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हीच अडचण होती. मशालीचा इतिहास तो सांगत होता तसाच आहे. ॲम्स्टरडॅमच्या क्रीडांगणातील मनोऱ्यावर १९२८ साली ज्योत पेटली होती खरी. परंतु ऑलिंपिया येथे आरशाच्या साहाय्याने सूर्यकिरणांपासून अग्नी प्रज्वलित करायचा आणि तो हातोहाती, पायी धावत यजमान नगरीपर्यंत आणायचा, ही कल्पना १९३६ च्या बर्लिन सामन्यांचे संयोजक कार्ल डीम यांची. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती मशाल ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांतून जर्मनीत नेली. मशालीच्या मुठी क्रुपच्या कारखान्यात तयार झाल्या. त्याच कारखान्यात तोफाही होत. मशाल ज्या देशांतून उत्तरेकडे आली, त्यांतील बहुतेक देशांत पुढल्या पाच वर्षांत त्याच रस्त्यांनी जर्मन फौजा दक्षिणेकडे उतरल्या. १८९६ च्या मॅरेथॉनचा विजेता स्पिरिदोन लुईस याला मुद्दाम बर्लिनला आणून त्याच्या हातून ऑलिंपियाच्या ऑलिव्ह वृक्षाची फांदी हिटलरला देवविली. शांतीचे चिन्ह कोणाच्या हाती पडावे यालाही काही सीमा असते.

तेव्हा प्रश्न उरतो तो असा: ज्या विधीचा उगम असा डागाळलेला, तो आपण डोळ्यांत पाणी आणून का पाहावा? ‘मन प्रसन्न होते म्हणून’ हे उत्तर आम्हांला पटत नाही. बर्लिनला जमलेल्या लाखभर लोकांचेही मन प्रसन्न झालेच असेल.

भाच्याला उत्तर देण्यासाठी म्हणून नव्हे, पण आमच्याच मनाची समजूत पटावी म्हणून आम्ही पुढे या विधींच्या पाऊलखुणा शोधीत राहिलो. आणि विधी कोणी काढला यापेक्षा तो कोणाच्या हातून पार पडला, याच नोंदी आम्हांला अधिक बोलक्या वाटू लागल्या.

१९२० सालचे अँटवर्प घ्या. पहिले महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. बेल्जियम उद्ध्वस्त झालेला देश. १४ ऑगस्टच्या सकाळी अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये युद्धात कामी आलेल्या खेळाडूंच्या स्मरणार्थ उपासना झाली. ती कार्डिनल मर्सिए यांनी चालविली. जर्मन अंमलाच्या काळात आपल्या लोकांची बाजू घेऊन निर्भयपणे लिहिणारे-बोलणारे ते हेच मर्सिए. आधी मृतांसाठी प्रार्थना झाली आणि मगच खेळांना आरंभ झाला. त्या दिवशी क्रीडांगणात पाच कड्यांचा ध्वज ऑलिंपिक सामन्यांत प्रथमच फडकला, शांतीची खूण म्हणून कबुतरे सोडली गेली आणि व्हिक्टर बोआँ या बेल्जियन खेळाडूने सर्वांच्या वतीने पहिली शपथ घेतली. परंतु जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया व तुर्कस्तान यांना निमंत्रण नव्हते. म्हणजे शांतीची कबुतरे उडाली ती हरलेल्यांना दाराबाहेर ठेवूनच. भाचा येथेही नाक मुरडील आणि त्याचे बरोबरच असेल.

पण त्याच सामन्यांत सहा हिंदी खेळाडू होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आदल्या वर्षी पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी तरुण अनवाणी धावताना पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले होते. या मुलांना परदेशी पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांनी स्वतः उचलला. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. दातार, कैकाडी हे धावपटू, नवले आणि शिंदे हे मल्ल; शिंद्यांचा कुस्तीतील चौथा क्रमांक. ध्वज होता पूर्मा बॅनर्जी या बंगाली धावपटूच्या हाती. पण ध्वज कोणाचा? राज्यकर्त्यांचा. आपल्या देशाच्या नावाने चालायचे आणि हाती निशाण मात्र परक्याचे, हा अनुभव घेऊन ही मराठी मुले परत आली. त्यांना त्या क्षणी काय वाटले याची नोंद आमच्या वाचनात आलेली नाही. कर्तबगार माणसाच्या आयुष्यातील नेमकी हीच बाजू बहुधा लिहून ठेवायची राहते.

सोळा वर्षांनी बर्लिनला हाच प्रसंग पुन्हा आला. ध्वजधारक होते हॉकीपटू ध्यानचंद, आणि निशाण तेच, ब्रिटिश हिंदुस्थानचे. हिटलर बसला होता त्या सज्जासमोरून जाताना हिंदी पथकाने नाझी पद्धतीचा सलाम केला नाही. पुढे हॉकीचा अंतिम सामना जर्मनीशीच पडला. आदल्या सराव सामन्यात जर्मनांनी हरविले असल्याने मंडळी धास्तावलेली होती. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत पंकज गुप्ता यांनी राष्ट्रसभेचा तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. बाहेर एक ध्वज, आत एक. तो सामना हिंदुस्थानने ८-१ असा जिंकला. तारीख होती १५ ऑगस्ट १९३६. अकरा वर्षांनी तीच तारीख आपल्या दिनदर्शिकेत लाल शाईने छापली जाणार होती, हे त्या बंद खोलीतील कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्याच बर्लिनच्या सामन्यांत सोन की-चुंग नावाचा कोरियन तरुण मॅरेथॉन जिंकला. या माणसाबद्दल थोडे सविस्तर लिहिल्यावाचून आम्हांला राहवत नाही. कोरिया तेव्हा जपानच्या अंमलाखाली होता. त्यामुळे त्याला जपानच्या संघातून, जपानी उच्चाराने बदललेल्या ‘सोन कितेई’ या नावाने धावावे लागले. विजयमंचावर जपानचा ध्वज वर चढू लागला तेव्हा त्याने मान खाली घातली, आणि बक्षीस म्हणून हाती दिलेले ओकचे रोपटे छातीशी धरून सदऱ्यावरील जपानचे चिन्ह झाकले. तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच. त्याचीही मान खाली. पुढे नामने सांगितले म्हणतात की सोनच्या पहिल्या क्रमांकापेक्षा चिन्ह झाकायला मिळालेल्या त्या रोपट्याचा हेवा त्याला अधिक वाटला. तिकडे ‘दोंग-आ इल्बो’ या कोरियन वृत्तपत्राने सोनचे छायाचित्र छापताना सदऱ्यावरील चिन्ह पुसून टाकले. सरकारने पत्रकारांना अटक केली आणि ते वृत्तपत्र कित्येक महिने बंद ठेवले.

आता १९८८ च्या सप्टेंबरात या. आमच्या वाडीत तेव्हा दूरदर्शन संच मोजकेच; ज्यांच्या घरी होता त्यांच्या ओट्यापर्यंत माणसे बसलेली. सोल नगरीचा उद्घाटन सोहळा सकाळी दिसत होता. मशाल क्रीडांगणात आली ती एका म्हाताऱ्याच्या हातात. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पांढऱ्या कपड्यांत, आणि तो नुसता धावत नव्हता. लहान मुलाने नव्या बुटांत मारावी तशी मधूनमधून उडी मारीत होता. आमच्या शेजारी बसलेले कोणी हसले देखील. तो माणूस कोण हे आम्हांला तेव्हा माहीत नव्हते; पुढे वाचनातून समजले. ते सोन की-चुंग होते. बावन्न वर्षांनी, स्वतःच्या देशात, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ध्वजासमोर ते धावत होते. त्यांच्या हातात होती ती मशाल. तीच, जी हिटलरच्या सामन्यांसाठी शोधून काढली गेली, त्यांना परक्या नावाने धावायला लावणाऱ्या त्याच बर्लिनची!

आम्हांला विचाराल तर त्या सकाळी ती मशाल शुद्ध झाली. एखाद्या वस्तूचा डाग धुऊन निघायचा तर ज्याला त्या डागाची झळ लागली त्यानेच ती हाती घ्यावी लागते. संयोजकांच्या ठरावाने ते होत नाही. आंतरराष्ट्रीय समितीच्या नोंदींत १९३६ चे ते सुवर्णपदक आजही जपानच्याच नावावर आहे, ही गोष्ट वेगळी.

मशालीच्या बाबतीत याची सुरुवात आधीच झाली होती. महायुद्धानंतर १९४८ साली लंडनला सामने भरले, तेव्हा ही जर्मन कल्पना टाकून द्यावी असे कोणी म्हटले असते तर वावगे झाले नसते. मशाल ठेवली गेली. ग्रीसमध्ये तर तेव्हा यादवी चालू होती. ऑलिंपियाहून निघणारा पहिला धावपटू दिमित्रेलिस हा सैन्यात कॉर्पोरल होता. त्याने आधी शस्त्र खाली ठेवले, अंगावरचा लष्करी गणवेश उतरविला, आणि मगच मशाल हाती घेतली. कार्ल डीमच्या कागदावर हा विधी नव्हता. लंडनच्या त्याच संचलनात स्वतंत्र भारताचा तिरंगा प्रथमच ऑलिंपिकच्या मैदानात आला; तो धरला होता तालिमेरेन आओ यांनी. नागा टेकड्यांतील एका बाप्टिस्ट पाळकाचा हा मुलगा कलकत्त्यात वैद्यकी शिकत होता आणि फुटबॉल संघाचा कर्णधार होता. त्या पथकात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव होते. हॉकीच्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही आपल्या ओळखीची आडनावे होती. स्वातंत्र्याला वर्षही पुरे झाले नव्हते. या संघाने १२ ऑगस्टला अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरविले.

बाकीच्या प्रतीकांचे आम्हांला तितकेसे अगत्य नाही. कबुतरांचे सांगायचे तर सोलच्याच सोहळ्यात काही बिचारी पाखरे मोठ्या ज्योतीच्या कठड्यावर जाऊन बसली आणि ज्योत पेटताच होरपळली. पुढे जिवंत कबुतरे सोडण्याची प्रथाच बंद झाली, हे उत्तम झाले. टोकिओला १९६४ साली ज्योत पेटविली ती योशिनोरी साकाई या तरुणाने. अणुबाँब पडला त्या दिवशी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमा प्रांतात जन्मलेला हा मुलगा. निवड अर्थपूर्ण होती, पण ती निवडच होती, कोणीतरी मेजाभोवती बसून केलेली. सोन की-चुंग यांच्या त्या उड्या कोणी ठरवून दिलेल्या नसाव्यात.

पॅरिसविषयीही वाचक विचारतील. २०२४ च्या २६ जुलैला सीन नदीवर झालेल्या सोहळ्यातील एका दृश्याने प्रभूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्राची आठवण करून दिली आणि जगभरच्या ख्रिस्ती माणसांचे मन दुखावले. फ्रान्सच्या बिशपांनी सोहळ्यातील सौंदर्याचा उल्लेख करूनही या टवाळीबद्दल खेद व्यक्त केला, पुढे व्हॅटिकननेही केला. दिग्दर्शकाने आपल्यापुढे ग्रीक देवतांची मेजवानी होती असे सांगितले. कोणाचे मन दुखविण्याचा हेतू नव्हता, असे म्हणून संयोजकांनी दिलगिरी दर्शविली. दुखावलेल्यांत आम्हीही होतो; पण तो विषय तेथेच राहू द्यावा असे आमचे मत आहे. आम्हांला खटकले ते निराळेच. त्या रात्री खेळाडू चालले नाहीत. पावसात भिजत, नावांतून बसून किंवा उभे राहून, ते हात हलवीत गेले. दृश्य नयनरम्य होते यात शंका नाही. परंतु नावेतून जाणारा प्रवासी असतो. मिरवणुकीतला माणूस पायांनी चालतो, त्याची पावले चुकतात, पुढच्याच्या टाचेवर त्याचा पाय पडतो, आणि तो कोणामागून चालला आहे हे साऱ्यांना दिसते. आपली आजी संधिवाताने वाकलेली असूनही सणाच्या मिरवणुकीत रिक्षात बसायला तयार होत नसे, त्याचे कारण हेच असावे.

आणि या चालण्यातच आम्हांला सर्वांत अधिक ओढ वाटते ती ध्वज नसलेल्यांची. १९०८ साली लंडनला प्रथमच ऑलिंपिकच्या मैदानात देशवार ध्वज घेऊन पथके आली, तेव्हा फिनलंडच्या खेळाडूंना आपला ध्वज लावण्याची मुभा नव्हती, कारण तो देश रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. रशियाच्या ध्वजामागून चालणे त्यांना मानवेना. ते ध्वजाविनाच चालले. म्हणजे ही रीत जन्मली त्याच दिवशी तिच्यात रिकाम्या हातांचे पथक होते.

२००० साली सिडनीला लिअँडर पेस यांच्या हाती आपला तिरंगा होता. गोव्याकडचे हे आडनाव ऐकून आपल्या घरोघरी आनंद झाला. त्याच संचलनात उत्तर व दक्षिण कोरियाचे खेळाडू प्रथमच एका ध्वजाखाली एकत्र आले. सोन की-चुंग तेव्हा हयात होते. आणि त्यांचे जन्मगाव उत्तरेत होते. त्यानंतर, यजमान ऑस्ट्रेलियाच्या आधी, पूर्व तिमोरचे चार खेळाडू पांढऱ्या वेषात आले. कॅथलिकांची मोठी वस्ती असलेला हा देश. आदल्याच वर्षी लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिल्यावर तेथे जाळपोळ व कत्तल झाली होती. देश अजून देश झाला नव्हता, म्हणून त्यांच्या हाती पाच कड्यांचा ध्वज दिलेला. त्यांच्यातील आगेदा अमाराल ही मॅरेथॉन धावताना क्रीडांगणात पोचली, शर्यत संपली असे समजून तिने गुडघे टेकले. अजून एक फेरी उरली आहे असे सांगितल्यावर ती उठून पुन्हा धावू लागली.

आणि २०१६ ची ती रिओची पहाट. गजर झाला, भाचाही उठला, चहा त्यानेच ठेवला. निर्वासितांचे दहा जणांचे पथक, यजमान ब्राझीलच्या आधी, पाच कड्यांच्या ध्वजामागून आत आले. ध्वज रोज नाथिके लोकोन्येन हिच्या हाती. दक्षिण सुदानमधून लहानपणी पळालेली, केनियातील काकुमाच्या छावणीत वाढलेली मुलगी. सारे क्रीडांगण उभे राहिले. त्या दहा जणांना पोप फ्रान्सिस यांनी नावानिशी पत्र लिहिले होते, हे पुढे कळले. भाचा काही बोलला नाही. आम्हीही विचारले नाही.

पुढल्या जानेवारीत आमच्याकडच्या एका धर्मग्रामात युवकांनी क्रीडामहोत्सव भरविला. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा महोत्सवांत ऑलिंपिकचा सारा थाट हौसेने उचललेला असतो: बाप्तिस्माकुंडाजवळच्या पास्का मेणबत्तीवरून मशाल पेटवायची, मुलांनी ती मैदानापर्यंत पळवीत न्यायची, मग शपथ, मग एकेका वाडीचे फलक धरून संचलन. तयारीच्या बैठकीस वडीलधारे म्हणून आम्हांला बोलावले होते. भाचा कार्यकारी मंडळात होता. सारे ठरत आले आणि एका युवतीने चौदा नावांची यादी पुढे केली. स्टेशनकडच्या चाळींत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची ती मुले. झारखंडची, ओडिशाची, काही तामिळनाडूची. दर रविवारी मिस्साला येणारी, पण कोणत्याही वाडीच्या वहीत नाव नसलेली. त्यांनी कोणाच्या फलकामागून चालायचे?

बैठकीत शांतता पसरली. एका वाडीचे कारभारी म्हणाले, “मुले येऊ देत हो, पण त्यांचे गुण कोणाच्या खात्यात घालायचे?” दुसरे म्हणाले की भाडेकरार अकरा महिन्यांचा, आज आहेत, उद्या नाहीत. बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. वाडीवाडीतील ढालींची चुरस ज्याने पाहिली आहे त्याला गुणांचा प्रश्न किती नाजूक ते समजेल. तेव्हा आमचा भाचा उठला. मशालीवर रात्रभर हुज्जत घालणारा तो मुलगा म्हणाला, “त्यांना धर्मग्रामाचे निशाण द्या. यजमान वाडीच्या आधी चालतील. रिओला असेच केले होते.” फादरांनी हसून होकार दिला, आणि एवढ्यावरून कोणाला वाद वाढवायचा नव्हता.

निशाण म्हणजे पांढऱ्या कापडावर निळ्या रंगाने काढलेले चर्चचे चित्र. काठी बांबूची, तेरा वर्षांच्या मुलीला जरा जडच. ती मुलगी सारा वेळ आपल्या पावलांकडे पाहत चालली. ध्वनिक्षेपकावरील युवकाने आठ वाड्यांची नावे जोशात पुकारली होती; हे पथक समोर येताच त्याच्या हातातल्या कागदावर नाव सापडेना. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ही आपल्या धर्मग्रामातील मुले.” टाळ्या पडल्या. फार मोठ्या नव्हेत, पण पडल्या.

दुसऱ्या वर्षी त्या मुलांना आपापल्या पथकात घेण्यासाठी तीन वाड्यांनी आपण होऊन मागणी केली. निशाण धरणारी मुलगी आदल्या वर्षी चारशे मीटरच्या शर्यतीत पहिली आली होती, हे येथे सांगितले पाहिजे. मागणी करणाऱ्यांत गुणांचा प्रश्न काढणारे ते कारभारीही होते. तिच्या मापाचा वाडीच्या रंगाचा सदरा घेऊनच ते चाळीत गेले. तिने सदरा घेतला, आईकडे पाहिले आणि विचारले, “मग पांढरे निशाण कोण धरणार?”

त्या वर्षी ते तिच्या धाकट्या भावाने धरले.